अक्षरावरचा पेश

पौष लागला की माझी मान धरते. तसं पाहिलं तर मला कधी काही लागलेलं नाही, मी कधी पडले नाही, ओझी वाहिली नाहीत. मान दुखायची ती माझ्या भावाची. तो जाऊन आता खूप वर्षं झाली, पण घरातलं एखादं जुनं भांडं जसं शेवटी कुणाच्या तरी फडताळात येऊन पडतं, तसं ते दुखणं माझ्याकडे आलं असावं. डॉक्टर म्हणतात, आजी, वय झालं. त्यांचंही बरोबरच असेल.

यंदाही तसंच. सकाळचं ऊन गॅलरीत येतं तिथं मी खुर्ची ओढून बसते. पुतण्यानं गावाकडून ज्वारीची कोवळी कणसं पाठवलीत, ती सून गॅसवर भाजते आणि बोटांना चटके बसले म्हणून कुरकुरते. गॅसवरच्या हुरड्याला हुरडा म्हणायचं म्हणजे जरा कठीणच आहे. पण वास खरा असतो, आणि तो आला की मी कुठल्या कुठं जाते.

परवा अशीच बसले होते तर नात आली. तेजू वकिलीचं शिकते. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आहे, मारझोडीचे खेळ कायद्यानं बंद करावेत का. तिनं मला मोबाईलवर एक लढत दाखवली. जाळीच्या पिंजऱ्यात दोन उघडी माणसं. एक खाली पडलेला, दुसरा त्याच्या छातीवर बसून तोंडावर बुक्क्या घालतोय, आणि पिंजऱ्याभोवती चांगल्या कपड्यांतली माणसं हात वर करून ओरडताहेत. मी म्हटलं, बंद कर बाई ते.

“म्हणजे तू बंदीच्या बाजूची. लिहून घेऊ?”

“फोन बंद कर म्हटलं मी.”

“आजी, काहीतरी एक सांग ना. हो की नाही?”

मी हुरड्याची ताटली पुढं ओढली. तिला वाटलं, आजी टाळते. मी टाळत नव्हते. या प्रश्नाचं उत्तर माझ्या माहेरी एकदा सरकारी शिक्क्यानिशी आलं होतं. आम्हांला ते वाचता आलं नाही, एवढंच.

माझं माहेर नळदुर्गचं. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. पलीकडे सोलापूरचा मुलूख इंग्रजांचा. त्या बाजूची माणसं आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायची आणि म्हणताना नाक थोडं वर करायची. आमच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. आईला अव्वा, भावाला अण्णा. वडील लवकर गेले, भुसाराचं छोटं दुकान अव्वानं आणि अण्णानं मिळून सांभाळलं. मला अणदूरला दिलेलं. आता अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबा एकच. वर्षाचा बराच काळ तो अणदूरला असतो, मार्गशीर्षात नळदुर्गाला येतो आणि पौषी पौर्णिमेची यात्रा झाली की परत जातो. माझं माहेरपणही त्याच दिवसांत असायचं. अण्णा चिडवायचा, “देव आन् गंगू, दोघं बी एकाच वख्ताला येत्यात. देव निदान नवसाला पावतो, ही नुसतीच खाती.”

लग्नाआधी मी सरकारी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. शाळा उर्दू. घरात कानडी, दारात मराठी आणि पाटीवर उर्दू असं आमचं त्रांगडं होतं, आणि आम्हांला ते त्रांगडं वाटायचंही नाही.

अण्णा पैलवान होता. त्याचं नाव वीरभद्र, पण गाव त्याला इरू पैलवान म्हणायचं. दुकानात तो पोत्यावर बसला की पोतं लहान दिसायचं. आवाज मात्र बारीक, आणि स्वभाव त्याहून मऊ. एकदा मांजर तुरीच्या पोत्यावर व्याली, तर पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्यानं त्या पोत्याला हात लावू दिला नाही. तालमीतून तो परतायचा तेव्हा त्याच्या अंगाला आखाड्याच्या मातीचा वास असायचा. ती माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून, पुन्हापुन्हा उकरून मऊ केलेली असे. लोणचं आणि भंडारा एकाच डब्यात ठेवावा तसला तो वास. अव्वा कुरकुरायची की ह्याच्या अंथरुणात झोपलं तर भूक लागते.

तिची खरी कुरकूर वेगळी होती. आदल्या वर्षीच्या यात्रेत भूमकडचा एक पैलवान मानेवर पडला होता. अण्णाशी नव्हे, दुसऱ्या कुणाशी लढताना. अव्वा देवळातून परतत होती, तिनं त्याला बैलगाडीत घालताना पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते, पण हातावर बसलेली माशी त्याला हाकलता येत नव्हती. अव्वानं ती हाकलली. ती पुन्हा बसली. गाडी हलेपर्यंत अव्वा तिथं उभी राहून पदरानं माशा वारत होती. त्या दिवसापासून तिनं अण्णाच्या मागं लकडा लावला, कुस्ती सोड. अण्णा मान हलवायचा आणि सकाळी उठून तालमीत जायचा.

त्या वर्षी गावानं त्याची कुस्ती सोलापूरकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी ठरवली. यात्रेतली शेवटची, मोठी कुस्ती. अण्णाला विचारलं नाही असं नाही, पण ते विचारणं लग्नात नवरीला विचारतात त्यातलं. जो तो त्याला वाटेत थांबवून दंडावर थाप मारायचा. इंग्रजी हद्दीतल्यांना मोगलाई काय चीज आहे ते दाखवून द्यायचं होतं. दाखवायचं गावाला होतं, मान अण्णाची होती.

मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी चूल पेटवून झाली की गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची खोपट्यासारखी कोप, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले दगड, मडक्यात आंबील, आणि भज्जी, म्हणजे त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं असेल त्याची मिळून एक भाजी. आंबिलीचा तो गार, आंबूस घोट आणि मागून येणारा लसणाचा झटका आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं. त्या येळवशीला अव्वा भज्जी वाढता वाढता एकदम थांबली आणि म्हणाली, “येवढं मोठं सरकार हाय. शिंदीच्या झाडावर नजर ठिवतंय, मिठावर ठिवतंय. लेकरांच्या माना मोडत्यात, त्याला बंदी घालाया काय झालंय त्याला?”

सगळे हसले. अण्णाही हसला, आणि त्यानं आणखी आंबील मागून घेतली.

आणि पुढच्या काही दिवसांत बंदी आली. सकाळी डफ वाजला. दवंडीवाला चौकात उभा राहून ओरडला, “सरकारी हुकूम हाय हो, यात्रंत कश्ती मना हाय.”

कश्ती म्हणजे नाव, होडी. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवलेली आहे, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी साठून राहायचं. यात्रेची माणसं लांबच्या दगडधोंड्यांच्या वाटेनं जाण्यापेक्षा ते पाणी रामा भोयाच्या काईलीतून ओलांडायची. काईल म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. आमच्या मुलखाला नाव अशी ठाऊकच नव्हती, पाण्यात काय आणि चुलाणावर काय, कढईच. त्या पावसाळ्यात ती एकदा उलटली होती आणि माणसं कशीबशी काठाला लागली होती. तेव्हा सरकारनं नावेला बंदी घातली यात कुणालाच नवल वाटलं नाही. रामा भोयानं काईल काठावर पालथी घातली आणि तिच्यावर चढून बिडी ओढत बसला.

हुकुमाचा कागद चावडीच्या भिंतीला डकवलेला होता. देवळाकडे जाताना मी थांबून वाचला. वाचता येतं याची हौस, दुसरं काय. आणि त्या शब्दापाशी अडले. काफ, शीन, ते, ये. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं ते आपले आपण समजून घ्यायचे. पहिल्या अक्षरावर जबर आहे असं धरलं तर होतं कश्ती. पेश आहे असं धरलं तर होतं कुश्ती, म्हणजे आपली कुस्ती. बाकी अक्षरं तीच. जबर म्हणजे अक्षराच्या डोक्यावर एक तिरपी रेघ. पेश म्हणजे डोक्यावर एक इवलासा वाकडा आकडा, स्वल्पविरामासारखा. शाळेत मुलांना शिकवताना ते घालतात. सरकार कशाला घालील?

घरी आले तेव्हा अव्वा भाकरी थापत होती. मी सांगितलं ते तिला आधी कळेना. मग मी काटवटीतल्या पिठात बोटानं अक्षर काढलं आणि वर तिरपी रेघ ओढली. “ही नाव.” रेघ पुसली आणि तिथं आकडा काढला. “ही कुस्ती.”

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलथली नाही.

“येवढंच?”

“येवढंच.”

“आन् कागदावर काय हाय?”

“काईच न्हाय. रेघ बी न्हाय आन् आकडा बी न्हाय.”

“मंग त्यो आपलाच हुकूम हाय,” अव्वा म्हणाली. “म्या येळवशीला मागितला त्योच हाय.” आणि पिठाचा हात तसाच ठेवून ती उठली.

मुन्शी करीमसाब चावडीत बसून सरकारी कागद वाचायचे, लिहायचे. म्हातारे गृहस्थ, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. आमच्याच दुकानातून डाळ न्यायचे. त्यांनी आम्हां मायलेकींना बसायला घोंगडी टाकली, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

“माई, सच बोलूं? मैं बी पैले कुश्तीच पढा. फिर पाटील बोले, मुन्शीजी, नदी है, काईल है, बारिश में उलटी बी थी. कश्तीच होगा. मैं सोचा, हौ, वो बी हो सकता.”

“मंग तुमी वर त्यो आकडा द्या,” अव्वानं घोंगडीवर बोटानं तो काढून दाखवला. “येवढा तर हाय.”

“सरकारी कागज पे मैं पेश लगाऊं? माई, कल मेरीच पेशी हो जाएगी.”

पेशी म्हणजे साहेबापुढं जाब द्यायला उभं राहणं. ते हसले, पण आमच्याकडे न बघता. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. तुळजापूरला तहसिलीत विचारणा लिहिली, हुकुमातला शब्द कोणता समजावा. आमच्यासमोर लिहिली, शाई वाळू दिली, घडी घातली. जवाब येईल म्हणाले. कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पोलीस पाटलांनी मला मान देऊन बोलावलं आणि मान देऊनच वाटेला लावलं. “गंगूबाई, तुमी शिकलेल्या, तुमचं खरं असंल. पर सोलापूरवाल्याला आवतान गेलंय. आता त्याला काय सांगू, आमच्या सरकारनं आमच्या पैलवानाला पदराखाली घेतला म्हून?” वर म्हणाले, “आन् कश्ती बी काय चूक न्हाय की.” ते चूक नव्हतं हीच तर अडचण होती.

मग अव्वा दारोदार फिरली. आडावर, तेल्याच्या घाण्यावर, बायका जमतील तिथं ती खाली बसायची आणि धुळीत बोटानं तो आकडा काढायची. हे बघा, हे हाय तिथं, दिसत न्हाय पर हाय. ज्या बाईला स्वतःचं नाव कुठल्याच लिपीत लिहिता येत नव्हतं ती फक्त एक पेश शिकली होती, त्याच्या खालचं अक्षरही तिला येत नव्हतं. बायका ऐकून घ्यायच्या. पाठ वळली की म्हणायच्या, इरूच्या मायला खूळ लागलं. मला तिच्याबरोबर जायची लाज वाटायची आणि न जायची त्याहून जास्त.

अण्णा यातलं काहीच ऐकलं नसल्यासारखा वागायचा. पण यात्रेच्या तोंडावर एका दुपारी तो मला म्हणाला, चल, हुरडा खाऊ. शेतात आगटी पेटवलेली. गोवऱ्यांच्या धगीत कणसं खुपसायची, बाहेर काढून तळहातावर चोळायची आणि गरम दाणे फुंकर मारून पुढ्यात टाकायचे. त्याचे तळहात एवढे निबर की त्याला चटका म्हणून बसायचा नाही. बाजूला करडई फुललेली, हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा आंबट वास, आणि वर पौषातलं ते धुतल्यासारखं आभाळ. तो चोळत होता, मी खात होते.

“गंगू, खरंच तिथं पेश असंल का गं?”

“मला काय ठावं? दोन्ही वाचता येतं.”

“तुला काय वाटतंय ते सांग की.”

मी त्याच्याकडे बघितलं. “अण्णा, तुला भ्या वाटतंय व्हय?”

त्याचे हात थांबले नाहीत. “त्या भूमवाल्याचा भाऊ बाजारात भेटला व्हता. म्हनला, जिता हाय. माय घास भरवती.” त्यानं आणखी एक कणीस धगीत खुपसलं. “हुकूम असता तर लई बरं झालं असतं. कुनाला काय सांगावंच लागलं नसतं.”

“मंग तूच न्हाय म्हन.”

“कुनाला?” अण्णा म्हणाला.

पाटलाला म्हणावं तर पाटील म्हणजे काही गाव नव्हे. गावाला म्हणावं तर गाव कुठं एका जागी बसलेलं असतं? समोरच्या पैलवानाला तर म्हणताच येत नाही, आणि त्याचंही तिकडं असंच झालं नसेल कशावरून? कुस्ती ठरवणारे सगळे होते, पण नाही म्हणायला जावं तर दारात कुणीच भेटलं नसतं.

तेजू कायद्याची पुस्तकं वाचते, तिला हे सांगायचं तर कसं सांगावं? माझ्या भावाला कुस्तीची बंदी हवी होती, पण ती त्याला स्वतः मागता येत नव्हती. आईनं थांबवलं म्हटलं असतं तर पोरं जन्मभर हसली असती. सरकारनं थांबवलं म्हटलं की कुणी हसत नाही, चार शिव्या सरकारला बसतात आणि माणूस मान सरळ ठेवून घरी येतो. कायद्याचा एवढा एक उपयोग मला त्या दुपारी कळला. पुढं त्याचा दुसरा उपयोगही कळायचा होता.

यात्रेचा दिवस. भंडाऱ्यानं पिवळी झालेली वाट, भरीत-भाकरीचा, घामाचा, बैलांच्या शेणाचा वास. कुस्त्यांचा फड पाण्याच्या पलीकडे भरला होता. बायका फडाकडे जात नसत. देवदर्शन उरकून आम्ही घरी आलो आणि अव्वा सूप घेऊन गहू निवडायला बसली. कुस्त्यांची हलगी वाऱ्यावर इकडे ऐकू यायची. हलगीवरून सगळं कळतं. कुस्ती लागली की ती चढते, कुणी चीत झाला की तुटते आणि माणसांचा एकच कल्लोळ उठतो. दुपारभर तेच चाललं होतं. चढायची, तुटायची, कल्लोळ. अव्वा निवडलेलेच गहू पुन्हा निवडत होती.

ऊन कलताना हलगी चढली ती उतरेचना. ही त्याची, अव्वा म्हणाली. मीही ओळखली होती. खूप वेळ ती एकाच चालीवर वाजत राहिली. मग तुटली.

कल्लोळ उठला नाही.

अव्वानं सूप खाली ठेवलं. त्या शांततेत पलीकडचं एक कुत्रं भुंकलेलंसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. मग ती उठली आणि अनवाणी नदीकडे चालायला लागली. मी मागून पळाले.

काठावर जे पाहिलं ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण सांगायला गेलं की त्यात हसण्याजोगं काहीतरी निघतं. रामा भोयाची काईल पलीकडच्या काठावर पालथी होती आणि तिच्याशेजारी दोन शिपाई पहाऱ्याला बसले होते. हुकूम होता ना, यात्रेत कश्ती मना. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर दिवसभर कुस्त्या झाल्या होत्या, त्यांनीही बसल्या जागेवरून बघितल्या असतील. आता चार माणसं अण्णाला बाजेवर घेऊन पाण्यापर्यंत आली होती. आमचं घर आणि हाडवैद्य, दोन्ही अलीकडे. मध्ये शांत, सपाट पाणी. रामा भोई शिपायांपुढं हात जोडत होता, आम्हांला ऐकू येत होतं.

“साब, पैलवानाला न्हेऊ द्या. पान्यावर हादरा बसत न्हाय. मान जपाया पायजे.”

“सुना नै क्या? कश्ती मना है.”

शिपाई दुष्ट नव्हते. त्यातला एकजण अण्णाजवळ गेला, वाकून बघितलं, डोक्यावरची टोपी काढली. पण काईल सोडू दिली नाही. पाटील तोवर कुठं गेले होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अव्वा या काठावर गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, “त्यो पेश हाय रे, पेश हाय,” आणि पलीकडच्या कुणालाच ती काय म्हणते ते कळत नव्हतं.

शेवटी बाज लांबच्या वाटेनं निघाली. दगडांची वाट, चढउतार, चार खांदे चार उंचीचे. वाटेभर अण्णाचं डोकं बाजेवर डावी-उजवीकडे हलत होतं. हाडवैद्य म्हणाला, एवढे हादरे बसले नसते तर कदाचित. मग त्यानं मानेला टेकू द्यायला वाळूच्या पिशव्या मागवल्या.

अण्णा वाचला. हातपाय चालू राहिले, त्याबद्दल देवापुढं नारळ फुटले. मान मात्र आखडली ती कायमची. पुढं तो दुकान चालवायचा, हिशेब करायचा, हसायचा, पण मागून हाक मारली तर मान वळायची नाही. अख्खा माणूस वळायचा, पाय उचलून, दार उघडावं तसा. गल्लीतली लेकरं मजेनं त्याला मागून हाका मारायची आणि तोही मजेनं वळायचा. सोलापूरचा पैलवान एकदा येऊन त्याच्यापाशी बसून गेला. दोघं बराच वेळ ज्वारीच्या भावाबद्दल बोलले.

तहसिलीचं उत्तर यात्रा पांगल्यावर आलं. करीमसाब ते घेऊन स्वतः आमच्या घरी आले. अण्णा बाजेवर, मानेच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. मुन्शींनी कागद मला दिला. त्यात लिहिलं होतं की विचारणा पोचली, हुकुमात जो शब्द आहे त्याचीच तामील करावी. आणि पुढं तो शब्द पुन्हा लिहिला होता. काफ, शीन, ते, ये. वर काही नाही.

“काय म्हनतंय?” अव्वानं विचारलं.

मी करीमसाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावलाच नाही.

पुढं एकदोन वर्षांत बंदी खरीखुरी आली, जबर नको आणि पेश नको अशी. दिवस फिरले होते. रझाकारांची धामधूम सुरू झाली होती, चार पोरं एकत्र जमली की सरकारला धसका बसायचा. तालमींना कुलपं लागली. अव्वानं मागितलेली बंदी ती हीच होती, फक्त ती कुणाच्या मानेसाठी नव्हती, मुठींसाठी होती. गाव चिडलं. पोरं चोरून लढायला लागली, ओढ्याच्या आडोशाला, कापणी झालेल्या धसकटाच्या रानात. तिथं ना उकरलेली माती, ना वस्ताद, ना थांबवायला पंच. रोज कुणाचं तरी खांद्याचं हाड, कुणाचा गुडघा.

अव्वानं ते काही दिवस ऐकलं. मग एके सकाळी तिनं दुकानातलं तेल, हळद आणि ताकाचं गाडगं पाटीत घातलं, वर गोवऱ्या रचल्या आणि ती पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याकडे निघाली. मी यात्रेला आलेली. मी म्हटलं, “अव्वा, तूच बंदी मागत व्हतीस की गं.”

“म्या मागितली ती ही न्हवं,” ती म्हणाली. “ऱ्हात न्हाईत तर निदान माती तरी मऊ असू दे.”

तिच्या ह्या वागण्यात तेजूच्या वादविवादाची कुठली बाजू बसते ते मला कळत नाही. काल तिला बाजू मिळाली, बंदीच्या समर्थनाची. म्हणाली, आता तरी मुद्दा दे. मी तिला हे सगळं सांगितलं, कागदावर ते अक्षर काढून दाखवलं, एकदा रेघेसकट, एकदा आकड्यासकट. तिनं फोटो काढला. मग विचारलं, “पण मग शब्द कोणता होता, शेवटी?”

“कळलं नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“हे स्पर्धेत कसं बोलू गं मी,” ती म्हणाली, आणि माझी मान चोळून द्यायला लागली. चांगली पोर आहे.

तिचा हात फिरत होता तेव्हा मला अव्वाचा हात आठवला. थंडी पडली की अण्णाची मान ठणकायची आणि अव्वा त्याला पुढ्यात बसवून हळद-तेलाचा लेप लावायची. म्हातारी झाली, डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी ते काम तिनं सुनेला, अण्णाच्या बायकोला, दिलं नाही. मी दर पौषात माहेरी जायची, म्हणून मी ते बघितलंय. लेप लावून झाला की तिचं बोट लगेच निघायचं नाही. मानेच्या वरच्या टोकाला, केस सुरू होतात तिथं, ते जरासं अडायचं आणि एक इवलंसं वळण घ्यायचं. एक आकडा. हळदीवर तो उमटायचा आणि तेलात मिटायचा.

एकदा अण्णानं विचारलं. त्याला मागं बघता येत नव्हतं, तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

“अव्वा, रोज काय लिवतीस गं तिथं?”

“काय न्हाय,” ती म्हणाली. “ऱ्हायलं व्हतं.”